खोट्यासाठी खरं रडू : झाडीपट्टीच्या नाटकापासून पडद्यावरच्या खेळापर्यंत



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. म्हणाले, "सर, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत आणि आता व्हिडिओ गेमवर बोलणार?" आम्ही म्हटलं, बोलणार. कारण ज्या प्रश्नाशी आम्ही वर्गात चाळीस वर्षं झटापट केली, तोच प्रश्न गेल्या दिवाळीत आमच्या घरात, आमच्याच नातवाच्या डोळ्यांतून बाहेर आला.

नातू पुण्याला इंजिनिअरिंग शिकतो. दिवाळीला चंद्रपूरला आला होता. रात्री पाणी प्यायला आम्ही उठलो, तर त्याच्या खोलीत उजेड. कानाला हेडफोन, हातात ते बटणांचं यंत्र आणि डोळे भरलेले. आम्ही घाबरलो. विचारलं, "काय झालं रे?" तो म्हणाला, "काही नाही आबा. एक मुलगी मेली." कोण मुलगी? तर पडद्यावरची. आम्ही जरा हसलोच. म्हटलं, "अरे, ती चित्रातली. ती जगलीच कुठे होती मरायला?" त्यावर तो शांतपणे म्हणाला, "आणि तुम्हीच सांगता ना, तुमची आई वडशाकडची नाटकं बघून रात्र-रात्र रडायची? ती सिंधू कुठे जगली होती?"

आता सांगा, याला काय उत्तर द्यायचं? त्या रात्री आम्हाला देता आलं नाही. आजचं व्याख्यान म्हणजे ते उत्तर, असं समजा.

सुरुवात आपल्या मातीपासून करू. ऐकणाऱ्यांत पुण्या-मुंबईचे आणि परदेशातलेही लोक असतात, म्हणून थोडं विस्ताराने. वैनगंगेच्या दोन्ही अंगांना गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांत जो धानाचा आणि जंगलाचा मुलूख आहे, त्याला आपण झाडी किंवा झाडीपट्टी म्हणतो. आमच्या लहानपणी गडचिरोली हा वेगळा जिल्हा नव्हता. तो २६ ऑगस्ट १९८२ ला झाला. त्याआधी सिरोंच्यापर्यंत सगळा एकच जिल्हा होता आणि १९६४ पर्यंत त्याचं नाव चांदा होतं. गावं लांब लांब, मध्ये जंगल, पावसाळ्यात नाले भरले की वाट बंद. अशा मुलखात नाटक कसं रुजलं, याचं बाहेरच्यांना नवल वाटतं. आम्हाला वाटत नाही. दंडार आणि खडी गंमत तिथे आधीपासून होतीच. रात्रभर जागून सोंग बघण्याची सवय लोकांच्या अंगात मुरलेली होती. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीला सीतास्वयंवराचा खेळ केला, त्यानंतर मराठी नाटक हळूहळू गावोगाव पसरलं. झाडीत पोहोचलं तेव्हा ते दंडारीच्या शेजारी येऊन बसलं आणि इथलंच होऊन गेलं.

हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. धान कापलेलं असतं, हातात चार पैसे असतात, भाऊबीज झालेली असते. गावात मंडई भरते. पुढे शंकरपट असतात, म्हणजे बैलांच्या शर्यती. दिवसा मंडई किंवा पट, रात्री नाटक. नाटक नऊ-दहाला सुरू होतं आणि तांबडं फुटेपर्यंत चालतं. होळीपर्यंत हा क्रम. नाटकाच्या निमित्ताने सासरी गेलेल्या लेकी येतात, सोयरे येतात, मुलामुलींची लग्नं जमतात. आज या व्यवसायाचं ठाणं वडसा, म्हणजे देसाईगंज. तिथे नाट्यमंडळांची कार्यालयं रांगेनं आहेत. गावची मंडळं तिथे जाऊन तारखा ठरवतात. २०२३ मध्ये कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा बाकीच्या महाराष्ट्राला या रंगभूमीचं नाव नव्याने कळलं. पाच हजारांवर प्रयोग आणि आठशेच्या आसपास भूमिका, अशी त्यांची नोंद तेव्हा सांगितली गेली. एका माणसाने आठशे माणसं व्हायचं आणि समोरच्यांनी दर वेळी त्याला खरं मानायचं! हा काय प्रकार आहे, हाच आपला आजचा प्रश्न.

आता आमच्या आईची गोष्ट. साल साधारण १९६०. ब्रह्मपुरी तालुक्यातलं आमचं गाव. त्या वेळी गावातलीच मंडळी नाटक बसवत. त्या वर्षी 'एकच प्याला' होतं. राम गणेश गडकरी १९१९ च्या जानेवारीत आपल्याच विदर्भात, सावनेरला वारले. नाटक रंगमंचावर आलं ते त्यानंतर, त्याच वर्षी. बालगंधर्वांची सिंधू बघून महाराष्ट्र रडला, असं आपण पुस्तकात वाचतो. आमच्या गावात सिंधूचं काम एका पोरसवदा शिंप्यानं केलं होतं आणि सुधाकर झाले होते आमच्या शाळेचे गुरुजी. तणसावर गोणपाट टाकून बाया बसलेल्या. थंडी अशी की दात वाजावेत. तळीरामाने पहिला पेला पुढे केला आणि गुरुजींनी हातात घेतला, तशी मागून एक म्हातारी ओरडली, "नोको पिऊ रे बाबू!" कोणी हसलं नाही. आमची आई पदर तोंडात धरून बसली होती.

गुरुजी रोज सकाळी आमच्या घरी ताक न्यायला येत. नाटकाच्या दुसऱ्या दिवशीही आले. आईने सांगितलं, "आज ताक नाही." ताक होतं. आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी तिने गडवाभर ताक दिलं आणि वर गूळही दिला.

ही गोष्ट आम्ही वर्गात अनेकदा सांगितली. विद्यार्थी हसत आणि म्हणत, "सर, अडाणी बाई, तिला नाटक आणि खरं यांतला फरक कळला नाही." हे चूक आहे. आमच्या आईला फरक पुरता कळत होता. गुरुजी दारू पितात असं तिला वाटलं असतं, तर तिने आम्हाला त्यांच्या शाळेत पाठवलं नसतं. त्या तीन दिवसांत आम्ही रोज शाळेत गेलो. तिने शिक्षा केली ती सुधाकराला. सुधाकर तर हाती लागत नव्हता, म्हणून ताक बंद झालं ते गुरुजींचं.

तत्त्वज्ञानात हाच पेच १९७५ मध्ये कॉलिन रॅडफर्ड या इंग्रज प्राध्यापकाने मांडला. टॉल्स्टॉयच्या ॲना कॅरेनिनासाठी आपण दुःखी का होतो, असा त्याचा सवाल. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : ज्याचं दुःख करायचं, ते खरंच घडलंय असा विश्वास असावा लागतो. कोणी येऊन आपल्या बहिणीची करुण कहाणी सांगितली, आपण हळहळलो, आणि मग तो म्हणाला, "मला बहीणच नाही," तर आपली हळहळ तिथेच विरते, उलट राग येतो. मग ॲना नाहीच हे पहिल्या पानापासून माहीत असताना आपण रडतो कसे? रॅडफर्डचा निष्कर्ष असा की आपण रडतो हे खरं, पण त्यात विसंगती आहे.

तीन वर्षांनी, १९७८ मध्ये, केंडल वॉल्टन या अमेरिकन तत्त्वज्ञाने दुसरी वाट काढली. तो म्हणाला, हे सगळं लहान मुलांच्या भातुकलीसारखं आहे. मुलं रानात खेळताना ठरवतात की झाडाचा प्रत्येक बुंधा म्हणजे अस्वल. मग बुंधा दिसला की किंचाळतात, पळतात. हे उदाहरण वाचून आम्हाला गंमत वाटली. आमच्या झाडीत उलटी भीती! बुंधा समजून जवळ जावं आणि तो अस्वल निघावा. पण मुद्दा पक्का आहे. खेळाचे नियम मान्य केले की त्या नियमांच्या आत भावना वावरते. वॉल्टन त्या भीतीला पूर्ण भीती म्हणायला तयार नाही. आम्ही त्याच्याशी इथे सहमत नाही. आईचं रडणं अर्धवट नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिचे डोळे सुजलेले होते.

याहून जवळचं उत्तर आपल्या घरात आहे. भट्टनायक आणि अभिनवगुप्त यांनी साधारणीकरणाचा विचार मांडला. रंगमंचावरचं दुःख अमक्या माणसाचं, अमक्या गावचं राहत नाही. ते सगळ्यांचं होतं, म्हणून प्रत्येकाचं होतं. आणि मराठीत न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष म्हणून 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली. शब्द जड आहे, कल्पना सोपी आहे. वाचक किंवा प्रेक्षक दुसऱ्याच्या जीवनात शिरतो, त्याच्याशी एकरूप होतो, पण आपलं स्वतःचं भान सोडत नाही. एक पाय इथे, एक पाय तिथे. आमची आई सिंधू झाली होती, त्याच वेळी थंडीने आम्हाला शालीत ओढूनही घेत होती. आमच्या मते, या विषयावर मराठीत याहून नेमकं कोणी बोललेलं नाही.

बरं, या भावनेला 'खोटी' म्हणून सोडून देणारे लोक एक गोष्ट विसरतात. सत्तेने तिला कधीच खोटी मानलं नाही. खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ मध्ये आलं. कथा महाभारतातली. पण प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला, द्रौपदीत देश दिसला. १९१० मध्ये सरकारने ते नाटक बंद केलं. त्यासाठी १८७६ चा नाट्यप्रयोगांचा कायदा हाताशी होताच. केवळ करमणूक असती, तर बंदी कशाला? त्याच्या आधी, १८९९ मध्ये देवलांची 'शारदा' आली. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या एका काल्पनिक मुलीसाठी लोक कळवळले, आणि तशा लग्नांविषयी घराघरांत बोलणं सुरू झालं.

उलट बाजूही आहे. निळू फुले खेड्यात गेले की बाया त्यांना तोंडावर बोल लावायच्या. माणूस राष्ट्र सेवा दलातला, सज्जन. पण पडद्यावर पाटील होऊन त्याने जे केलं, ते लोक विसरायला तयार नव्हते. फुले ही पावती मानत. आमच्या गुरुजींनीही ताकाचं प्रकरण पुढे अभिमानाने सांगितलं.

आता यंत्राकडे येऊ. आमची माहिती नातवाकडून आणि नंतर स्वतः खटपट करून मिळवलेली आहे. चुकलो तर तरुणांनी सांभाळून घ्यावं.

माणूस यंत्राशी जीव लावतो, याचं पहिलं लक्षण १९६६ मध्ये दिसलं. अमेरिकेत जोसेफ वायझेनबाम यांनी 'एलायझा' नावाचा एक प्रोग्राम तयार केला. तुम्ही टाइप केलेलं वाक्यच तो प्रश्न करून परत विचारायचा, मानसोपचारतज्ज्ञासारखा. त्यांच्या सेक्रेटरीने तो तयार होताना पाहिला होता, त्यात काही नाही हे तिला माहीत होतं. तरी थोडा वेळ बोलल्यावर ती वायझेनबाम यांनाच म्हणाली, तुम्ही जरा खोलीबाहेर जाल का? वायझेनबाम हादरले. आम्ही हे वाचलं तेव्हा आम्हाला ताकाचा गडवा आठवला.

पुढे १९८३ मध्ये 'प्लॅनेटफॉल' नावाचा खेळ आला. त्यात चित्र नव्हतं, नुसते शब्द. ओसाड ग्रहावर अडकलेला तुम्ही आणि तुमच्यामागे लहान पोरासारखा बागडणारा फ्लॉइड नावाचा यंत्रमानव. शेवटाकडे तो तुमच्यासाठी आपण होऊन जिवावर उदार होतो. पडद्यावर फक्त अक्षरं, तरी लोक रडले. १९९७ मध्ये 'फायनल फँटसी सेव्हन' या जपानी खेळात एरिथ नावाची मुलगी मध्येच मारली जाते. खेळणाऱ्याने तिला तासन् तास सोबत नेलेलं असतं, शिकवलेलं असतं, शस्त्रं दिलेली असतात. ती जाते आणि परत येत नाही. तिला जिवंत करण्याची काहीतरी गुप्त युक्ती असेल, या आशेवर लोक कित्येक वर्षं शोधत राहिले. युक्ती नव्हतीच. पण माणूस गेल्यावर घरचे असंच करतात ना? 'आणखी एका डॉक्टरला दाखवलं असतं तर...'

नातवाला रडवणारा खेळ २०१३ चा, 'द लास्ट ऑफ अस'. त्याने तो आमच्यासमोर पुन्हा सुरू केला. आरंभी खेळणारा बारा वर्षांची मुलगी असतो. सारा तिचं नाव. रात्री जाग येते, बाप घरात नाही, ती खोल्या-खोल्यांतून त्याला शोधते. म्हणजे तिची पावलं आपण टाकतो, दारं आपण उघडतो. बाहेर साथीने हाहाकार. थोड्या वेळाने अदलाबदल होते आणि आपण तिचा बाप, जोएल, होतो. तिचा पाय दुखावलेला, तिला उचलून पळतो. आणि एका शिपायाची गोळी तिला लागते. अर्ध्या तासापूर्वी आपण जी होतो, तीच आता आपल्या हातांवर मरते. आम्ही नातवाला म्हटलं, हे गडकऱ्यांना सुचलं असतं, पण जमलं नसतं. प्रेक्षकाला आधी सिंधू आणि मग सुधाकर करण्याची सोय रंगमंचावर नाही.

इथे आम्हाला एक शोध लागला आणि तो व्याकरणातला आहे. नातवाला खेळताना ऐका. त्याचा जोएल मेला की तो म्हणतो, "मी मेलो." कधीही "तो मेला" म्हणत नाही. पण सारा मेली तेव्हा म्हणाला, "ती मेली." आमच्या आईने हजार नाटकं पाहिली, पण सिंधू मेल्यावर "मी मेले" ती म्हणाली नसती. प्रेक्षक प्रथमपुरुषी बोलत नाही, खेळणारा बोलतो. गंमत अशी की हे 'मी मेलो' अगदी हलकं असतं. तो मेला की चहाचा घोट घेतो आणि पुन्हा सुरू करतो. डोळे भरतात ते 'ती मेली'ला. का? कारण 'मी' परत येतो, 'ती' येत नाही. आपल्या हाताने फिरणाऱ्या पात्राला कितीही जन्म आहेत, पण ज्याला जपायचं त्याला एकच. याचा अर्थ, खेळाने आपला जीव स्वस्त केला आणि सोबत्याचा महाग. आम्हाला ही सूक्ष्म गोष्ट वाटते.

दुसरा फरक याहून मोठा. भरताने आठ स्थायीभाव सांगितले : रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा, विस्मय. यात पश्चात्ताप नाही. व्यभिचारी भावांत व्रीडा आहे, म्हणजे लाज, ती त्याच्या जवळपास जाते. पण स्थायी म्हणून पश्चात्ताप नाही. का नसावा? आमचा अंदाज असा की प्रेक्षकाने काही केलेलंच नसतं. तो शोक करील, भिईल, चिडेल. पण 'हे माझ्या हातून झालं' असं त्याला वाटण्याचं कारण नाही. खेळणाऱ्याला आहे. त्याच खेळाच्या शेवटी जोएल एका मुलीला वाचवतो, एली तिचं नाव. तिच्या जिवाच्या मोबदल्यात कदाचित साऱ्या जगाला लस मिळाली असती. तो डॉक्टरांना मारून तिला घेऊन जातो आणि नंतर तिच्याशी खोटं बोलतो. खेळणाऱ्याला ते पटो न पटो, पुढे जायचं तर बटण त्यालाच दाबावं लागतं. नातू म्हणाला, "आबा, मी पाच मिनिटं थांबलो होतो." थांबून काही होत नव्हतं, तरी तो थांबला. ती पाच मिनिटं आम्हाला महत्त्वाची वाटतात.

झाडीपट्टीचा प्रेक्षक या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे. तो शहरातल्या नाट्यगृहासारखा अंधारात गप्प बसत नाही. ओरडून सावध करतो, बक्षीस देतो, खलनायकाला शिव्या घालतो. "नोको पिऊ रे बाबू" म्हणणाऱ्या त्या म्हातारीच्या हातात बटण दिलं असतं, तर तिने पेला खाली ठेवला असता आणि नाटक पहिल्याच अंकात संपलं असतं! म्हणजे हात घालण्याची इच्छा जुनीच आहे. यंत्राने तिला फक्त हात दिला.

आपल्याकडेही असे खेळ होऊ लागले आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' नावाचा खेळ आणला. जत्रेत कसरती करणारी राजी आपल्या हरवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघते. त्यातल्या कथेचे काही भाग छायाबाहुल्यांच्या रूपात दाखवलेत. ते बघून आम्हाला सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर मंडळींच्या चामड्याच्या बाहुल्या आठवल्या. कोलकात्याच्या लीना केजरीवाल यांनी २०१६ मध्ये 'मिसिंग' केला. त्यात खेळणारा स्वतःच देहविक्रीसाठी पळवलेली मुलगी असतो आणि सुटकेची वाट शोधतो. आणि २०२० मध्ये पोलंडच्या सरकारने 'धिस वॉर ऑफ माइन' हा वेढ्यात सापडलेल्या सामान्य नागरिकांवरचा खेळ शाळेच्या पूरक वाचनात घेण्याचं जाहीर केलं. वाचनात, बरं का.

तोटे नाहीत असं आम्ही म्हणत नाही. एक धोका पैशाचा. ज्याच्यावर जीव जडला, त्याच्या नावाने खिसा रिकामा करायला लावणारे खेळ आहेत. दुसरा धोका आम्हाला जास्त सतावतो. २०२० मध्ये 'द लास्ट ऑफ अस'चा दुसरा भाग आला. त्यात ॲबी नावाची स्त्री लोकांच्या लाडक्या पात्राला मारते. तिचा आवाज देणाऱ्या लॉरा बेली या अभिनेत्रीला लोकांनी जिवे मारण्याच्या धमक्या दिल्या. निळू फुल्यांना शिव्या देणाऱ्या बाया आणि हे लोक, यांच्यात फरक काय? फरक केळकरांच्या शब्दात आहे : सविकल्प. आईने ताक तीन दिवस बंद केलं आणि चौथ्या दिवशी गूळ दिला. तिला परतीची वाट ठाऊक होती. ती वाट तिला एकटीला सापडली नव्हती, असं आम्हाला वाटतं. मांडवात सगळं गाव होतं. सकाळी विहिरीवर बाया नाटकाबद्दल बोलल्या, रडलेल्या एकमेकींना हसल्या, गुरुजींची नक्कल झाली. दुःखातून बाहेर यायलाही माणसं लागतात. नातवाच्या कानाला हेडफोन होता आणि खोलीचं दार लावलेलं होतं. त्याच्या रडण्यात आम्हाला काही वावगं वाटलं नाही. दाराचं मात्र वाटलं.

आता शेवटचं. आई का रडली, हे आम्ही तुम्हाला अजून सांगितलेलं नाही.

आईला एकच भाऊ होता, आमचा मामा. हुशार, गोड गळ्याचा, आणि मोहाच्या दारूने खाल्लेला. त्या रात्री मांडवात आईच्या शेजारी मामी बसली होती. नाटकाला म्हणून रेंगीतून आली होती. सिंधूचं मूल जातं त्या प्रवेशाला मामी उठून जायला लागली, तेव्हा आईने तिचा हात धरून खाली बसवलं. दोघी शेवटपर्यंत बसल्या. घरी आईने मामाचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं, भावाची अब्रू म्हणून. नाटकानंतर तिने मामीला दोन्ही पोरांसकट आमच्याकडे ठेवून घेतलं. पुरी दोन वर्षं. मामा पुढे त्यातच गेला.

गडचिरोली जिल्ह्यात १९९३ मध्ये दारूबंदी झाली, ती गावोगावच्या लोकांच्या, विशेषतः बायांच्या रेट्याने. चंद्रपूरच्या बाया २०१० मध्ये चिमूरहून नागपूरला विधानभवनापर्यंत चालत गेल्या. इथे बंदी २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदी बरी की वाईट, हा वाद आज आम्हाला घालायचा नाही. 'एकच प्याला' बघून दारूबंदी झाली, असं म्हणण्याचा भाबडेपणाही आम्ही करणार नाही. आम्ही फक्त आमच्या घरातलं सांगू शकतो. सिंधू कधीच जगली नाही, पण तिच्यासाठी रडताना आईला आपल्या भावजयीचा हात धरता आला. खऱ्या मामीसाठी उघड रडायला अब्रू आड येत होती. खोट्या सिंधूने ती आड येऊ दिली नाही. रॅडफर्डला यात विसंगती दिसली असती. आम्हाला ती दिसत नाही.

दिवाळीनंतर पुण्याला परत जाण्याच्या आदल्या रात्री नातवाने विचारलं, "आबा, तुमच्या आईचा तो भाऊ कोण होता? घरात कोणी त्याच्याबद्दल बोलत का नाही?" त्याला कुठून सुचलं, कोण जाणे. त्या रात्री आम्ही त्याला मामाबद्दल सगळं सांगितलं. साठ वर्षांनी पहिल्यांदा. खोलीचं दार उघडं होतं, आणि यंत्र बंद होतं.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा, आणि तरुणांनी आधी विचारा.